किडनी बोंब मारत नाही

मागच्या अंकात सदराच्या शेवटी सहज एक ओळ टाकली होती, किडनीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हणून. वाटलं होतं चार-पाच प्रश्न येतील. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टांचे तिरके फोटो आले, आणि एका काकांनी तर मला जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे गाठून पँट वर करून पायाची सूज दाखवली. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत. नावं कुणाचीच नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

देवगडहून एक सूनबाई लिहितात: डॉक्टर नमस्कार. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, १४ वर्षं शुगर आहे, बीपीची गोळी पण चालू आहे. दोन महिने झाले, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगल्यासारखं दिसतं आणि संध्याकाळी पाय सुजतात. त्या म्हणतात, माका काय झाला नाय, आंब्याच्या दिवसात बागेत उभा रवान पाय सुजतातच. बरं, शुगर मात्र आता एकदम छान येते, आधी दोन गोळ्या लागायच्या आता एकीवर पण कमी येते म्हणून त्या खूश आहेत. मी उगाच काळजी करते का?

ताई, उगाच नाही करत. तुम्ही सुजेबद्दल विचारलंय पण मला जास्त भीती वाटली ती तुमच्या त्या "शुगर छान येते" वाक्याची. कारण सांगते. शरीरातलं इन्सुलिन काम झाल्यावर मोडून टाकायचं बरंचसं काम किडनी करते, शुगरच्या काही गोळ्या पण तिच्यातूनच बाहेर पडतात. किडनी थकली की इन्सुलिन आणि गोळी दोन्ही रक्तात जास्त वेळ रेंगाळतात, त्यात भूकही कमी झालेली असते, मग पथ्य न पाळता शुगर खाली यायला लागते आणि घरात सगळ्यांना वाटतं देव पावला. माझ्याकडे एका घरातली माणसं शुगर गेली म्हणून पेढे घेऊन आली होती. मी एका हातात पेढा धरून दुसऱ्या हाताने क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) लिहून देत होते. रिपोर्ट आला ४.२, नॉर्मलच्या कितीतरी वर.

तेव्हा जुनी शुगर असलेल्या माणसाची शुगर काही न करता सुधारली तर आधी किडनी बघायची. दुसरं म्हणजे अशा माणसाची शुगर रात्री-पहाटे धोकादायक खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर माणूस शुद्धीवर असेपर्यंत साखरपाणी द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

आता सूज. झोपलेलं असताना अंगात साठलेलं जादा पाणी पसरतं आणि डोळ्यांभोवतीची कातडी सैल म्हणून तिथे पहिलं दिसतं, दिवसभर उभं राहिलं की तेच पाणी पायात उतरतं. बघायचं कसं, तर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, काढल्यावर खळगा राहिला तर ती पाण्याची सूज. स्लिपरच्या पट्ट्याचा वळ पायावर उठतोय का, जोडवी घट्ट झालीत का, बांगडी कोपराकडे सरकेनाशी झालीय का हेही बघा, हे बायकांना आरशाच्या आधी कळतं. पण एक सांगून ठेवते, प्रत्येक सूज किडनीची नसते. हृदय, लिव्हर, थायरॉइड, अगदी बीपीची अ‍ॅम्लोडिपिन नावाची गोळी, या सगळ्यांनी पाय सुजतात. एकाच पायाला सूज असेल तर मामला बहुतेक वेगळा असतो. आणि हे वाचून अ‍ॅम्लोडिपिन बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारा, ते बदलून देतील.

करायचं काय: याच आठवड्यात लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लॅबवाले एसीआर म्हणतात, अल्ब्युमिन म्हणजे लघवीत जायला नको असलेलं प्रोटीन), रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदाही तपासून घ्या, शुगर जशी पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते तशीच किडनीच्या करते, दोन्ही बऱ्याचदा जोडीने जातात. अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टनच्या जातीतल्या बीपीच्या गोळ्या आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीतल्या शुगरच्या गोळ्या किडनीची घसरण हळू करतात, हे आता पक्कं माहीत आहे, त्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. स्वतः मेडिकलमधून आणून सुरू करू नका.

आणि सासूबाई म्हणतील आंबा उतरला की जाऊ. मग भात लावून झालं की. मग गणपती झाले की. मग शिमगा झाला की, आणि परत आंबा. माझ्याकडे डायलिसिसला लागलेले कितीतरी लोक असेच एकेक सण पुढे ढकलत आलेले आहेत, आणि कुणालाच काही दुखत नव्हतं. शिमग्याला आपण बोंब मारतो, किडनी मारत नाही, तीच तर पंचाईत आहे. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, म्हणजे न्हाणीतलं निळं पिंप जवळजवळ भरेल एवढं, आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. अर्ध्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या जास्त काम करून वेळ मारून नेतात. त्यामुळे माणसाला त्रास जाणवायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हर्णैहून एक खलाशी: मी १८ वर्षं ट्रॉलरवर आहे, वय ४१. कंबर खूप दुखते, दोन्ही बाजूला, म्हणून सगळे म्हणतात किडनी असणार. दर्यात दहा-दहा दिवस असतो तेव्हा मेडिकलमधून पुड्या बांधून नेतो, सकाळ-संध्याकाळ एक घेतली की जाळं ओढता येतं. सोनोग्राफी करू का?

दादा, कंबर दुखते ती बहुतेक जाळ्यामुळे. किडनीचा हळूहळू होणारा आजार दुखत नाही. दुखतो तो मुतखडा, तोही एका बाजूने बरगडीखालून जांघेकडे कळ मारत येतो, माणूस बसू शकत नाही उठू शकत नाही असा. किंवा दुखतं ते किडनीत इन्फेक्शन झालं तर, पण तेव्हा थंडी वाजून ताप असतो. वाकलं-उचललं की वाढणारं आणि आडवं पडलं की कमी होणारं दुखणं पाठीच्या स्नायूंचं, मणक्याचं.

पण तुमची पुडी. त्यात काय असतं ते विचारलंत कधी? सुट्ट्या गोळ्या, वर नाव नाही. बहुतेक डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन, सोबत पॅरासिटामॉल, कधीकधी स्टेरॉइडसुद्धा. डायक्लोफेनॅकच्या जातीतल्या पेनकिलरनी किडनीकडे जाणारी रक्ताची वाट आकसते. एखाद्या दिवशी घेतली तर धडधाकट माणसाची किडनी निभावून नेते. पण तुम्ही उन्हात, घामाने चिंब, पाणी मोजून पिणारे, मधेच बोट लागून उलट्या, आणि त्यावर रोज दोन पुड्या, म्हणजे आधीच रक्त कमी पोचतंय त्या किडनीचा नळ तुम्हीच अजून पिळताय. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर हे तिन्ही मिळून चार दिवसांत किडनी बसवू शकतात.

म्हणजे तुमची किडनी कमरेला दुखवत नाहीये, उलट कमरेचं औषध किडनीला दुखवेल. कंबर नीट दाखवून घ्या, शेक, मलम, लागलीच तर पॅरासिटामॉल मापात. सोनोग्राफीने तुम्हाला फार काही कळणार नाही, किडनी खराब व्हायला लागली तरी सुरुवातीला सोनोग्राफी नॉर्मल येते. त्यापेक्षा १ जूनला मासेमारी बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत बोट किनाऱ्यालाच आहे, त्यातल्या पहिल्याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि लघवी तपासा, बीपी मोजा. तांडेलांनाही घेऊन जा, त्यांच्या डब्यात पण तीच पुडी असते.

वेंगुर्ल्याहून: लघवीला फेस येतो. घाबरू का?

जोरात धार पडली, भांड्यात क्लीनर असला, तरी फेस येतो आणि अर्ध्या मिनिटात बसतो. रोज येतो, साबणाच्या पाण्यासारखा थर राहतो, एकदा पाणी ओतून पण जात नाही असं असेल तर प्रोटीन जात असू शकतं. अंडं फेटल्यावर जो फेस येतो तो प्रोटीनचाच, हाही तसाच. अंदाज बांधत बसू नका, लघवीची साधी तपासणी स्वस्त आहे. लाल किंवा चहासारखी लघवी मात्र एकदा जरी झाली तरी दाखवायची, आदल्या दिवशी बीट खाल्लं नव्हतं एवढं आठवून.

चिपळूणहून एक निवृत्त शिक्षिका: माझं वय ७०. क्रिएटिनिन १.१ आलं, लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मलच्या रकान्यात आहे, जाड अक्षरात पण नाही. माझा २५ वर्षांचा नातू जिमला जातो त्याचंही १.१ आलं. तरी डॉक्टर म्हणाले तुमची किडनी थोडी कमी आहे आणि नातवाची ठीक. असं कसं? मी गणित शिकवायचे, मला हे पटलं नाही.

बाई, तुमच्यासाठी गणितातच सांगते. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. नातवाचे स्नायू भरपूर, रोज कचरा जास्त तयार होतो, तरी रक्तात १.१ च उरतो म्हणजे गाळणी दणकून चालतेय. तुमचे स्नायू कमी, कचराच थोडा, तरीही १.१ साठलाय म्हणजे गाळणी मंदावलीय. म्हणून नुसता आकडा बघायचा नसतो, वय आणि बाई की पुरुष हे घालून ईजीएफआर, म्हणजे गाळणीचा अंदाजे वेग, काढतात. २०२१ सालच्या सूत्राने नातवाचा येतो साधारण ९५, तुमचा ५४. आकडा तोच आणि उत्तर जवळजवळ निम्मं.

पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला, किंवा लघवीत अल्ब्युमिन तीन महिने जात राहिलं, तर त्याला किडनीचा जुना आजार म्हणायचं. ४५ ते ५९ मधे बरेच वयस्कर लोक वर्षानुवर्षं छान असतात, विशेषतः लघवीत अल्ब्युमिन नसेल तर. तुमचा एसीआर किती ते लिहिलेलं नाही, तो करून घ्या, ३० च्या खाली असेल तर मी तुमच्या जागी असते तर शांत झोपले असते, बीपी सांभाळून आणि पेनकिलर टाळून. डायलिसिसचा विचार ईजीएफआर साधारण १५ च्या खाली गेल्यावर येतो, तोही नुसत्या आकड्यावर नाही. शेजारीण काय सांगते ते ऐकून डाळ-अंडी-मासे सगळं बंद करू नका, अशी पथ्यं करून सुकलेली माणसं मी फार बघते.

कुडाळहून: गेल्या पावसाळ्यात भावाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या-गुरांच्या मुतातून होणारा ताप) झाला, किडनी फेल झाली असं सांगितलं, चार वेळा डायलिसिस केलं. आता तो बरा आहे. किडनी एकदा फेल झाली की परत येते का? आणि आधी कसं ओळखायचं?

येते, कारण ही वेगळी गोष्ट. वर जे सांगितलं ते वर्षानुवर्षं झिजण्याचं, हे आहे आठवड्यात बसण्याचं. लेप्टोत वेळेवर उपचार मिळाले तर किडनी बहुतेकांची परत कामाला लागते. तरी भावाचं क्रिएटिनिन आणि लघवी तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा बघत राहा.

ओळखायचं असं की लावणीच्या चिखलात, गोठ्यात, साचलेल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांत अचानक सणसणून ताप, डोकं, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही, डोळे लाल पण चिपडं नाहीत. उंदराच्या, गुरांच्या मुतातले जंतू पायाच्या चिरांमधून, भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत जातात. असा ताप असेल तर "पावसात भिजला असेल" म्हणून काढा करत बसायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्र, आणि डॉक्टरांना चिखलातल्या कामाचं आपणहून सांगायचं. घरात बघायची खूण म्हणजे लघवी. दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा कमी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला तर थांबायचं नाही, रात्र असली तरी. आणि तापात अंग दुखतं म्हणून ती वरची पुडी तर अजिबातच नाही. काम करताना गमबूट, पायाला जखम असेल तर झाकून, आणि आशाताई डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात त्या फडताळात न ठेवता घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांनी मात्र विचारल्याशिवाय नको.

मालवणहून: किडनी साफ करायला रोज एक शहाळं आणि करमळाचा रस घेतो. चांगलं ना?

शहाळं चांगलंच, किडनी ठीक असेल तर. पण किडनी साफ वगैरे होत नाही हो, ती काय कौलं आहेत काय. आजार पुढे गेलेला असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात, तेव्हा आधी रिपोर्ट मग शहाळं.

करमळाचं मात्र आज बंद. तुम्ही म्हणता ते, पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते, म्हणजे स्टारफ्रूट ना? लोणच्यात, आमटीत चार फोडी पडतात त्याने निरोगी माणसाला काही होत नाही. पण त्यात एक विष असतं जे चांगली किडनी बाहेर टाकते आणि खराब किडनी टाकू शकत नाही. ते मेंदूवर जातं, आधी न थांबणाऱ्या उचक्या, मग भ्रमल्यासारखं, मग फिट, माणसं दगावलेली आहेत. किडनीच्या पेशंटला याची एक फोडसुद्धा नाही. शिवाय रस काढून पेलाभर प्यायलं तर त्यातलं ऑक्झलेट किडनीच्या नळ्यांत खड्यांसारखं बसतं, चांगल्या किडनीतसुद्धा. करमळाच्याच जातीतल्या आंबट बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉलवर म्हणून पिऊन केरळात लोकांच्या किडन्या बसल्यात, तेव्हा तोही नको. परड्यात पिकतं म्हणून ते औषध होत नाही.

खरं कमी करायचं ते मीठ. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. आणि आपल्याकडे सुका बांगडा, सुकट, खारवलेली कैरी, लोणचं, पापड, कढीत मीठ, वर भातावर चिमूट. सुकी मासळी सोडा असं मी सांगणार नाही, मी स्वतः सोडलेली नाही, पण पावसाळ्यात रोज नको आणि ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी पापड-लोणचं नको. सैंधव पण मीठच आहे. आणि बाजारात "लो सोडियम" म्हणून मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं, ते किडनीवाल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

डोंबिवलीहून, मूळ राजापूरचे: आई गावाला एकटी असते, वय ५८. बीपी आहे. वर्षभर थकलेली, फिकट, अन्नावर वासना नाही, अंगाला खाज, रात्री तीन-चारदा लघवीला उठते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, रक्त वाढत नाही. मे महिन्यात येणार आहोत तेव्हा दाखवू का? आणि तपासणी म्हटलं की ती उपाशी राहायचं म्हणून टाळते.

मे कशाला, या आठवड्यात शेजारच्या कुणाला तरी सोबत पाठवा. एकेकटं लक्षण दुसऱ्या कशाचंही असू शकतं, पण बीपीच्या माणसात हे सगळं एकत्र असेल तर किडनी बघितल्याशिवाय सोडायचं नाही. रक्त तयार करायचा हुकूम देणारं हार्मोन किडनीत बनतं, तेच कमी पडत असेल तर लोह कितीही ओता, रक्त वाढणार कसं. रात्रीची लघवी पण त्यातलीच, किडनीला लघवी घट्ट करता येईनाशी झाली की रात्रभर पातळ लघवी होत राहते, आणि घरात म्हणतात पाणी जास्त पिते.

आईंना सांगा उपाशी राहायचं नाही, क्रिएटिनिनला आणि लघवीला उपास लागत नाही, चहा-घावणं खाऊन जा म्हणावं. आदल्या रात्री भरपेट मटण मात्र नको, त्याने क्रिएटिनिन थोडं वर जातं. लघवी सकाळची पहिली, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची, ताप किंवा लघवीला जळजळ असेल तेव्हा ही तपासणी करायची नाही, चुकीची येते. आणि बाटली लॅबमधून आणलेलीच वापरा. खोबरेल तेलाची धुतलेली बाटली आमच्याकडे दर महिन्याला एक तरी येते, वर तेलाचा तवंग आणि खाली लेबलवर नारळाचं झाड.